बुडत्या भूमीचा जमाखर्च

सन १८९७ मध्यें एल्मर कॉर्थेल या अमेरिकन इंजिनिअरानें मिसिसिपी नदीच्या मुखाविषयीं एक लेख लिहिला. नदीकांठचे बांध पूर अडवितात, पण त्याबरोबर पुरानें पसरणारा गाळहि अडवितात. त्यामुळें मुखाजवळची भूमि हळूहळू समुद्राखालीं जाणार, हें त्याला स्पष्ट दिसत होतें. तरीहि चालू आणि पुढच्या दोनतीन पिढ्यांना बांधांपासून होणाऱ्या लाभापुढें दूरच्या पिढ्यांचें नुकसान हलकें ठरतें, असा त्यानें निर्वाळा दिला. तोंवर समुद्राला थोपविण्याचा खर्च लोकांना पेलेल, अशी त्याची अटकळ होती. ती हुंडी पुढें कोणाच्या माथीं आली, याचा इतिहास उद्बोधक आहे.

लुइझियाना संस्थानाचा किनारा ही मिसिसिपीचीच करणी. सुमारें ७००० वर्षें ही नदी संयुक्त संस्थानांच्या दोनपंचमांश भागाची माती आणून तेथें टाकीत आली. असा ताजा गाळ स्वतःच्या भारानें खचतो. वरून नवी भर पडली तरच तो पाण्यावर राहतो. १९२७ च्या महापुरानें लक्षावधि लोक बेघर झाले, तेव्हां दुसऱ्याच वर्षीं मध्यवर्ती सरकारनें पूरनियंत्रणाचा भार उचलला आणि बांध अधिक भक्कम झाले. त्याच सुमारास खनिज तेलाचा शोध घेणाऱ्या कंपन्यांनीं दलदलींतून हजारों मैल कालवे खणण्यास आरंभ केला. त्या वाटेनें खारें पाणी आंत शिरून गवत मेलें, आणि मुळांनीं धरून ठेवलेली माती वाहून गेली. १९३२ ते २०१६ या काळांत १८०० चौरस मैलांहून अधिक भूमि, म्हणजे किनारपट्टीचा सुमारें चौथा हिस्सा, नाहींसा झाला. कोळंबी आणि कालवें तेथेंच वाढतात, स्थलांतर करणारे पक्षी तेथेंच उतरतात, आणि तुफानाच्या लाटेचा जोर न्यू ऑर्लिन्सपर्यंत पोंचण्यापूर्वीं तेथेंच मोडतो.

शेरवुड गॅग्लियानो यानें १९७० मध्यें दरसाल सुमारें साडेसोळा चौरस मैल भूमि जात असल्याचें मोजून दाखविलें. पण पैशाची तजवीज होण्यास आणखी वीस वर्षें लागलीं. १९८९ मध्यें लुइझियानानें खनिज उत्पन्नाचा कांहीं भाग किनाऱ्यासाठीं राखून ठेवला. १९९० मध्यें सेनेटर जॉन ब्रो यांच्या पुढाकारानें मध्यवर्ती कायदा झाला. त्याचा पैसा मासेमारीच्या सामानावरील व मोटारबोटींच्या इंधनावरील करांतून येई. आरंभीं केंद्रानें ७५ व संस्थानानें २५ टक्के द्यावे अशी वाटणी होती. पुढें ती ८५ व १५ झाली. या मार्गानें वर्षाला ३ ते ८ कोटी डॉलर मिळत. परंतु १९९८ च्या आराखड्यानें खर्चाचा अंदाज १४०० कोटींचा काढला. वर्षास ८ कोटी धरले तरी तेवढी रक्कम जमण्यास १७५ वर्षें लागतीं!

संस्थानाची तक्रार जुनीच होती. १९५० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें समुद्रांतील तेलाचें स्वामित्व वॉशिंग्टनकडे गेलें. १९५३ च्या कायद्यानें संस्थानास किनाऱ्यापासून अवघे तीन मैल परत मिळाले. तेलाच्या नळांनीं दलदल चिरली जाई लुइझियानाची, आणि उत्पन्न जमा होई केंद्राच्या तिजोरींत. २९ ऑगस्ट २००५ रोजीं कॅट्रिना तुफानानें हजारांवर बळी घेतले, तेव्हां कोठें २००६ मध्यें त्या उत्पन्नाचे साडेसदतीस टक्के चार किनारी संस्थानांना देण्याचें ठरलें.

सर्वांत मोठी रक्कम मात्र दुर्घटनेंतून आली. २० एप्रिल २०१० रोजीं आखातांतील तेलविहिरीवर स्फोट होऊन ११ कामगार मेले आणि तेल किनाऱ्यावर पसरलें. २०१६ च्या तडजोडींत निसर्गाच्या भरपाईसाठीं लुइझियानाच्या वांट्यास ५०० कोटी डॉलर आले. दलदलीस विष पाजणाऱ्या तेलाच्या दंडांतूनच तिच्या औषधाची सोय झाली.

तरीहि पैशानें सर्व प्रश्न सुटत नाहींत. बांधास दार ठेवून गाळमिश्रित पाणी दलदलींत सोडण्याची, सुमारें ३०० कोटींची बॅराटारियाची योजना २०२३ मध्यें सुरू झाली. भूमीला हवा असलेला गाळ गोड्या पाण्याबरोबर येतो, आणि कालवें तर गोड्या पाण्यानें मरतात. म्हणून तीं काढून पोट भरणाऱ्यांनीं विरोध केला. वाढता खर्च आणि त्यांची उपजीविका हीं कारणें पुढें करून जुलै २०२५ मध्यें संस्थान सरकारनें ती योजना रद्द केली.

कॉर्थेलचें भूशास्त्र चुकलें नव्हतें, आणि देश श्रीमंत होईल हेंहि त्याचें भाकित खरें ठरलें. चुकला तो वांटणीच्या हिशेबांत. बांधांचा लाभ अवघ्या राष्ट्रानें घेतला. पण किंमत मोजण्याची वेळ आली तेव्हां प्रथम पुढें उभा राहिला तो कालवें काढणारा गरीब माणूस. वडिलांनीं काढलेलें कर्ज नातवंडांनीं फेडावें हा जगाचा रिवाजच आहे. मात्र तें कोणत्या नातवंडानें फेडावें, हा निवाडा लुइझियानांत अद्याप व्हावयाचा आहे.