कामठीचे खुस्रो रुस्तमजी

१९६५ साली आपल्या शाळेची घंटा प्रथम वाजली आणि त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली. शाळेचा आणि या दलाचा हीरकमहोत्सव असा एकाच वर्षी आला आहे. दलाचे पहिले महासंचालक खुस्रो फरामर्ज रुस्तमजी हे नागपूरजवळच्या कामठीचे. लखनौतील मराठी घरांत पोलीस अधिकाऱ्यांचा विषय निघाला की हेमंत करकरे आणि तुकाराम ओंबळे यांची नावे आदराने घेतली जातात, आणि ती घेतली जावीतच. रुस्तमजींचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या अंकाच्या निमित्ताने त्यांच्याविषयी लिहिण्याचे योजिले.

रुस्तमजींचा जन्म २२ मे १९१६ रोजी कामठीच्या एका पारशी कुटुंबात झाला. १९३८ साली ते इंडियन पोलीस सेवेत दाखल झाले आणि त्यांना मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत मिळाला, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. इंग्रजी राजवटीची नोकरी आणि स्वातंत्र्याच्या चळवळीचा काळ, अशा अवघड जागी त्यांची पहिली वर्षे गेली.

१९५२ ते १९५८ या काळात पंडित नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. गर्दी दिसली की पंडितजी तिच्यात शिरत, आणि त्यांना आवरणे कोणालाही शक्य नव्हते. मार्च १९५५ मध्ये खुद्द नागपुरात एक रिक्षावाला चाकू घेऊन त्यांच्या मोटारीवर झेपावला. पंतप्रधान बचावले. रुस्तमजींनी या काळात नियमाने रोजनिशी लिहिली. पुढे पी. व्ही. राजगोपाल या पोलीस अधिकाऱ्यांनी ती संपादित करून प्रसिद्ध केली, त्यामुळे त्या दिवसांचा जवळून घेतलेला वृत्तांत आज वाचावयास मिळतो.

त्यानंतर ते मध्य प्रदेशाचे पोलीस महानिरीक्षक झाले. चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोरांचा उच्छाद माजला होता. गावकऱ्यांची नाके कापणारा गब्बरसिंग त्यांच्याच कारकिर्दीत, नोव्हेंबर १९५९ मध्ये, चकमकीत मारला गेला. ‘शोले’ चित्रपटामुळे ते नाव आज लहान मुलेही जाणतात. ज्यांनी त्या दहशतीचा बंदोबस्त केला त्यांची नावे मात्र कोणी जाणत नाही. इतिहास शिकवणाऱ्यास हे खटकल्यावाचून राहत नाही.

एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणातील सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला. त्या काळी सीमेवरील पहारा निरनिराळ्या राज्यांच्या सशस्त्र पोलिसांकडे असे आणि त्यांच्यात एकसूत्रता नव्हती. युद्धानंतर या तुकड्यांतून एक केंद्रीय दल उभारण्याचे काम रुस्तमजींवर सोपविण्यात आले आणि १९७४ पर्यंत ते त्याचे प्रमुख होते. १९७१ च्या मार्चअखेर पूर्व पाकिस्तानातून ताजुद्दीन अहमद सीमा ओलांडून आले तेव्हा त्यांचे स्वागत करणाऱ्यांत रुस्तमजी होते. मुक्तिवाहिनीच्या प्रारंभीच्या प्रशिक्षणाची धुराही याच दलाने वाहिली.

एवढ्यावरच त्यांचे चरित्र थांबले असते तरी ते स्मरणीय ठरले असते. माझ्या मते मात्र त्यांचे सर्वांत मोठे काम गणवेश उतरवल्यानंतरचे आहे. १९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचे ते सदस्य झाले. त्या नात्याने त्यांनी बिहारमधील तुरुंगांना भेटी दिल्या. तेथे कच्च्या कैद्यांची गर्दी होती. आरोपित गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकली असती त्याहून अधिक काळ खटल्यावाचून कोठडीत काढलेली माणसे त्यांत होती. जामिनाचे पैसे नाहीत, वकील नाही, कोर्टाची तारीख नाही. काही स्त्रिया तर स्वतः गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार. त्यांना ‘संरक्षण’ म्हणून डांबून ठेवलेले. मुलेही होती.

ज्याने आयुष्यभर माणसांना तुरुंगात पाठविण्याचे काम केले, तो हे पाहून अहवालात चार ओळी लिहून मोकळा झाला असता. रुस्तमजींनी जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये दोन लेख लिहून ही परिस्थिती चव्हाट्यावर मांडली. दिल्लीतील वकील कपिला हिंगोरानी यांनी ते लेख वाचले आणि त्यांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. कैद्याचा नातेवाईक नसताना त्रयस्थाने अशी दाद मागणे त्या काळी नवे होते. कैद्यांपैकी एका स्त्रीच्या नावावरून तो खटला ‘हुसैनारा खातून’ म्हणून ओळखला जातो. न्या. पी. एन. भगवती यांनी त्यात शीघ्र सुनावणी हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीवित-स्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सांगितले. या निर्णयामुळे देशभरातून सुमारे ४०,००० कच्चे कैदी सुटले असे मानले जाते. जनहित याचिकेचा पाया याच खटल्याने घातला.

त्याच आयोगाने कैद्यांप्रमाणे शिपायांकडेही पाहिले. आपल्या शहराला हा प्रश्न परका नव्हता. मे १९७३ मध्ये उत्तर प्रदेशातील पीएसीच्या जवानांनी बंड केले, लष्कर बोलवावे लागले आणि जूनमध्ये मुख्यमंत्री कमलापती त्रिपाठी यांनी राजीनामा दिला. त्या दिवसांत लखनौत शिकणारे आपले ज्येष्ठ माजी विद्यार्थी ते विसरले नसतील. आयोगाचा पहिलाच अहवाल शिपायांचे वेतन, निवासस्थाने आणि गाऱ्हाणी यांविषयी होता. १९८१ पर्यंत असे आठ अहवाल आले. शासनाने ते कपाटात ठेवले.

१९९१ साली रुस्तमजींना पद्मविभूषण मिळाले. १९९६ साली निवृत्त अधिकारी प्रकाश सिंह यांनी ते अहवाल अमलात यावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. लखनौत उत्तर प्रदेश पोलिसांचे महासंचालकपद भूषविलेले हे गृहस्थ पुढे सीमा सुरक्षा दलाचेही महासंचालक झाले होते. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करावीत, वरिष्ठांना ठराविक कार्यकाळ द्यावा, नागरिकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, असे निर्देश दिले. रुस्तमजी तेव्हा हयात नव्हते. मार्च २००३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले होते.