पेटाऱ्यांतलें मूल आणि पहांटेची शाळा

पंडिता रमाबाईंचा १८७८ सालीं कलकत्त्यांत झालेला गौरव सर्वांच्या ध्यानांत राहतो. ती विद्या ज्या बाईच्या मुखांतून आली, तिच्या दिवसाचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडीत नाहीं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुण्यांत शिकत असतां त्यांचे गुरु दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. तें पाहून आपणही पत्नीस शिकवावें, असें शास्त्रीबोवांनीं मनांत घेतलें. पुढें द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांस त्यांनीं शिकविलें, लोकांचा रोष ओढवून घेतला आणि सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत संसार मांडला.

तेथें घर हीच पाठशाळा. शिष्य येत, यात्रेकरू येत; त्यांतच थोरली कन्या कृष्णाबाई व पुत्र श्रीनिवास यांचे पाठ शास्त्रीबोवा घेत. एवढ्या मंडळींचें रांधणें-वाढणें कोणाकडे होतें, हें वाचकांस सांगावयास नको. अशा घरांत २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाई जन्मल्या. आदरातिथ्यांत द्रव्य सरलें, आणि मूल सहा महिन्यांचें असतांनाच कुटुंब तीर्थाटनास निघालें. मूल वेताच्या पेटाऱ्यांत घातलें आणि पेटारा गड्याच्या डोकीवर देऊन डोंगर उतरविला. हें रमाबाईंनींच लिहून ठेविलें आहे. तें लेकरूं वाटभर गप्प राहिलें असेल, असें मुलें वाढविलेल्या घरांतील कोणी म्हणणार नाहीं!

धाकटीच्या शिक्षणाची वेळ आली तेव्हां शास्त्रीबोवा वृद्ध झाले होते; म्हणून तें काम आईकडे आलें. दिवस घरकामानें व्यापलेला. तेव्हां लक्ष्मीबाईंनीं पहांट निवडली. झोपेनें जड झालेल्या मुलीस उचलून घ्यावयाचें, गोंजारून जागें करावयाचें आणि तोंडानेंच श्लोक म्हणवून घ्यावयाचे. आठव्या वर्षापासून सुमारें पंधराव्यापर्यंत आईची ही शिकवण चालली. अमेरिकेंतील रेचल बॉडले यांनीं १८८७ सालीं रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाच्या प्रस्तावनेंत हा प्रसंग पांखरांच्या किलबिलाटासह रम्य करून सांगितला आहे. आमच्या मतें त्यांत काव्य थोडें आणि काटकसर अधिक. उजाडल्यावर जिला स्वतःचा क्षण उरत नाहीं, तिनें तो उजाडण्यापूर्वींच काढून ठेविला.

१८७४ सालीं उपासमारींत आईबाप दोघेही गेले. रमाबाई तेव्हां सोळा वर्षांच्या होत्या. पुढें त्या भावाबरोबर पायीं देशभर हिंडल्या. कलकत्त्याच्या पंडितांनीं ज्या विद्येबद्दल त्यांस ‘सरस्वती’ म्हटलें, ती ह्याच पहांटेच्या पाठांवर उभी होती.