बाईच्या फेऱ्या कोण मोजतं?

फाट्यावरची शेतं बिनशेती होतात, चुना टाकून प्लॉट पाडले जातात, हे आपण सगळ्याच बघतोय. नकाशावर आधी येतो तो गाडीचा रस्ता. अंगणवाडी, किराणा, पिठाची गिरणी यांचं ‘नंतर बघू’ असतं. ते ‘नंतर’ बाईच्या पायांवर येऊन पडतं. युरोपात, ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना इथं बायकांनी हा क्रम बदलायला लावला. त्याची हकिकत आज सांगतो.

१९९१ साली तिथं एक फोटोंचं प्रदर्शन भरलं. एवा काइल या नगररचनाकार बाई आणि त्यांच्या सहकारी, अशा दोघींनी ते मांडलं. आठ बायका-मुली दिवसभर शहरात कुठून कुठं जातात, एवढंच त्यात दाखवलं होतं. नाव मात्र नेमकं ठेवलं: सार्वजनिक जागा कोणाची?

त्या वेळी तिथं गाडीनं फिरणाऱ्यांत तीनात दोन पुरुष होते आणि पायी चालणाऱ्यांत तीनात दोन बायका. तरी पैसा आणि आखणी गाडीसाठी. पुरुषाची फेरी सरळ असते, सकाळी कामाला, संध्याकाळी घरी. बाईची फेरी म्हणजे पोराची शाळा, मग दुकान, सासूचा दवाखाना, आपलं काम आणि परत शाळा. छोट्या छोट्या फेऱ्या, म्हणून कोणी मोजतच नव्हतं. (आपल्या पाण्याच्या आणि सरपणाच्या फेऱ्या तरी कोण मोजतं?) पुढच्याच वर्षी नगरपालिकेनं बायकांच्या प्रश्नांसाठी वेगळं कार्यालय काढलं आणि काइलबाईंना त्याचं प्रमुख केलं.

मग शहराच्या उत्तरेला, डॅन्यूब नदीपलीकडं फ्लोरिड्सडॉर्फ या वाढत्या उपनगरात एक वसाहत बांधायची ठरली. आराखडे फक्त स्त्री वास्तुरचनाकारांकडून मागवले आणि काम चौघींना मिळालं. १९९७ पर्यंत ३५७ घरं उभी राहिली. बालवाडी आवारातच, दवाखाना तिथंच, ट्राम चालत गाठता येईल अशी. मधे अंगणं, आणि घराच्या खिडकीतून खेळणारं पोर दिसेल अशी इमारतींची मांडणी. जिन्यात दिवसाचा उजेड येतो, म्हणजे एकटीला चढताना भीती नको. बाबागाडी ठेवायला मजल्यावरच जागा. तान्हं काखेत आणि हातात पिशव्या घेऊन जी जिना चढली आहे, तिलाच हे सुचणार, असं आम्हाला वाटतं.

पुढं शहराच्या पूर्वेला आस्पर्नच्या जुन्या विमानतळाच्या जागेवर २४० हेक्टरांचं नवं उपनगर आखलं. तिथं भुयारी रेल्वे २०१३ मध्ये पोचली, पहिली कुटुंबं राहायला आली २०१४ मध्ये. आधी गाडी, मग माणसं. आपल्याकडं वस्ती होऊन दहा वर्षं झाली तरी एसटीचा थांबा मिळत नाही. दुकानं इमारतींच्या तळमजल्यावर ठेवली. मोटारी मात्र दारात नाहीत, बऱ्याचशा सामाईक गॅरेजमध्ये. मोटारीपर्यंत चालत जायचंच, मग दुकानापर्यंत का नाही, असा त्यामागचा हिशेब. बहुतेक रस्त्यांना नावंही कर्तबगार बायकांची दिली.

सगळंच जमलं असं नाही. सुरुवातीच्या चौकांत सिमेंट जास्त आणि झाडं कमी, अशी टीका झाली. रस्ता चालण्याजोगा केला, पण उन्हाळ्यात त्यावर सावलीच नव्हती.