रिद्धपूरची लिपी आणि माझा ७८६

गेल्या वर्षी कुणीतरी माझं ईमेल खातं उघडलं आणि माझ्या नावानं ओळखीच्यांकडे पैसे मागितले. अकोल्याच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी ५,००० रुपये पाठवलेही. "सर, तुम्ही मागतले म्हून देल्ले ना बाप्पा!" माझी मान खाली गेली. पासवर्ड होता माझं नाव आणि पुढे ७८६. अब्जद हिशेबानं हे बिस्मिल्लाहचे अंक. दुकानाच्या पाटीपासून गाडीच्या नंबरापर्यंत आपण तेच लावतो. मग चोराला ते ठाऊक नसतील?

तेव्हा मला रिद्धपूर आठवलं. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथाचं मोठं पीठ. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते इथंच. पुढे पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. तत्त्व सोपं होतं. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरं अक्षर किंवा खूण. किल्ली फक्त पंथातल्या लोकांकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि मराठीतलं हे आद्य गद्य सर्वांसमोर येऊ लागलं.

अशा अदलाबदलीचं कुलूप कसं उघडतं, हे नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी लिहून ठेवलं होतं. भाषेत कोणतं अक्षर सर्वाधिक येतं ते मोजा, मग मजकुरात कोणती खूण सर्वाधिक येते ते मोजा, दोन्ही जुळवून पाहा. अक्षराचा वेश बदलतो, पण सवय बदलत नाही.

पासवर्डमध्ये आपण हेच करतो. इंग्रजी 'ए'च्या जागी '@', 'एस'च्या जागी डॉलरची खूण, आणि वाटतं की झालं पक्कं. पण चोराचं यंत्र आधी याच सवयी तपासतं. नाव ठाऊक असेल, तर पुढच्या तीन अंकांच्या शक्यता १,००० च. उलट २,००० शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या काढून एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घेतले, तर शक्यता होतात १६ लाख कोटी. चिठ्ठ्याच काढायच्या, मनानं निवडलं की पुन्हा सवय आलीच. आणि लक्षात ठेवायलाही सोपं. संत्री, वजू, टांगा, फळा असे चार शब्द आले की त्यांची एक वेडीवाकडी गोष्ट रचायची. (हे चार मात्र वापरू नका, आता ते सर्वांनी वाचले.) प्रत्येक खात्याला वेगळे शब्द हवेत, म्हणजे एक फुटला तरी बाकीची खाती वाचतात.

रिद्धपूरचा आणखी एक धडा आहे. कुलपामुळे ग्रंथ जपले गेले, पण बाकीचा मराठी समाज कित्येक शतकं त्यांना मुकला. म्हणून मी माझे शब्द कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवलेत. माझ्यामागे बायकोला बँकेचे उंबरे झिजवावे लागू नयेत.

सहकाऱ्यांचे ५,००० मी फेडले. ७८६ आता फक्त घराच्या दारावर आहे.