मोटारीचें पाणी

यवतमाळ जिल्ह्यांतील मारेगाव हें तालुक्याचें ठिकाण करंजीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सभोंवार कपाशीची काळी जमीन, पुढें वणीच्या कोळशाच्या खाणी, आणि वैशाखांत ४५ अंशांच्या आसपास जाणारा पारा. अशा वाटेवर भरल्या गाडीला सर्वांत आधीं लागते ती तहान. चालक गाडी उभी करतो, जवळच्या हातपंपावरून डबा भरून आणतो आणि रेडिएटरांत ओततो. हें पाणी बहुधा जड असतें. जिल्ह्याच्या या पट्ट्यांतील कित्येक कूपनलिकांत फ्लोराइड इतकें आहे, कीं माणसांच्या दांतांवर व हाडांवर त्याच्या खुणा उमटतात. मोटारीचे शत्रू मात्र वेगळे. पाण्यांतला चुना आणि मीठ हे ते होत. परंतु ज्या हातपंपाचें पाणी माणसाला मानवत नाहीं, तेंच मोटारीलाही मानवत नाहीं, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

पाण्याची ही गरज मोटारीच्या जन्मापासूनची. १८८८ च्या ऑगस्टमध्यें बर्था बेंझ या बाईंनीं पतीची तीनचाकी गाडी मानहाइमहून फोर्टझाइमपर्यंत, म्हणजे सुमारें १०० किलोमीटर, नेली. त्या गाडीस आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी तापून वाफ होऊन उडून जाई आणि वाटेंत जागोजागीं नवें घालावें लागे. ही अडचण खऱ्या अर्थानें दूर केली ती विल्हेल्म मायबाख यांनीं. १९०० सालच्या अखेरीस मर्सिडीज गाडीसाठीं त्यांनीं पोळ्यासारखा रेडिएटर बनविला. त्यांत ६ मिलिमीटर रुंदीच्या ८०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाही, त्यांच्या सांदींतून पाणी फिरे, आणि एवढ्या मोठ्या यंत्राचें काम ९ लिटर पाण्यांत भागे.

पुढें पाऊणशें वर्षें रेडिएटर म्हणजे तांबें आणि पितळ, असें समीकरणच होतें. तांबें उष्णता झपाट्यानें वाहून नेतें हें एक कारण. दुसरें माझ्या मतें अधिक मोलाचें, तें असें कीं त्यास डाक देतां येतो. कथिल व शिशाचा डाक थोड्या आंचेवर वितळतो. कोणत्याही गांवचा कारागीर टाकी उकलून, नळी साफ करून, भोंक बुजवून ती पुन्हां बसवूं शके. पुण्याच्या तांबट आळींत पेशवाईपासून जें धातूचें ज्ञान चालत आलें, त्याच जातीचें हें ज्ञान होय. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या पद्मिनी गाडीची मुंबईंतील शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून उतरली. त्या पिढीच्या मोटारी अशा कारागिरांच्या जिवावर चालल्या.

मग ॲल्युमिनियम आलें कां? वजन! तांब्याची घनता ८·९६, ॲल्युमिनियमची २·७०. उष्णता वाहण्यांत तें तांब्याहून उणें खरें, पण तिपटीहून हलकें. हॉल व एरू या दोघांनीं १८८६ सालीं, एकमेकांस न कळत, विजेच्या साहाय्यानें तें काढण्याची रीत शोधली आणि चांदीच्या भावाचा हा धातू स्वयंपाकघरांत आला. आमच्या कोल्हापूरच्या डोंगरांतही त्याची माती, म्हणजे बॉक्साइट, आहे. बेळगांवास १९७० च्या सुमारास त्याचा कारखाना उभा राहिला. १९७३ सालीं खनिज तेल भडकलें, हलक्या गाडीचें महत्त्व वाढलें, आणि युरोपांतील कारखानदार ॲल्युमिनियमच्या रेडिएटरांकडे वळले. अडचण सांधण्याची होती. या धातूवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा क्षणार्धांत चढतो. धातू ६६० अंशांवर वितळतो, पण पापुद्रा २००० अंशांनाही दाद देत नाहीं. शेवटीं हा पापुद्रा विरघळविणारी पूड सांपडली आणि भट्टींत सबंध रेडिएटर एकदम सांधणें साधलें. त्या पुडींतील मुख्य द्रव्य फ्लोराइडचेंच एक लवण आहे!

जो पापुद्रा सांधतांना वैरी ठरला, तोच पुढें धातूचें कवच होतो. गृहिणींना हें निराळें सांगावयास नको. आमसुलाची कढी ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत रात्रभर ठेवूं नये, सोड्यानें तें घासूं नये, मिठाचें लोणचें त्यांत मुरवूं नये. हे नियम घरोघर पाळले जातात. अति आंबट आणि अति खारें दोन्ही पापुद्र्यास खातात, आणि मीठ त्यास टोंचून भोंक पाडतें. रेडिएटरची नळी तर पातेल्याहून कितीतरी पातळ. त्यांतही घरच्या पातेल्यांतलें पाणी रोज बदलतें. रेडिएटरांतलें वाफ होऊन जातें, क्षार मात्र मागें राहतात. दर वेळीं हातपंपाचें पाणी घातलें कीं क्षारांत भर. चुन्याचा थर आंत बसतो, गाडी अधिक तापते, अधिक पाणी मागते. कोठें तांब्याचा जुना भाग असेल तर त्याचे कण पाण्याबरोबर येऊन ॲल्युमिनियमवर बसतात, दोन धातूंत विजेचा बारीक खेळ चालूं होतो, आणि सुईच्या टोंकाएवढी गळती सुरू होते.

अशा वेळीं चालकांचा जुना उपाय म्हणजे मूठभर हळद. ती पाण्यांत फुगून भोंकाशीं अडकते आणि पुढच्या गांवापर्यंत गाडी पोहोंचते. युक्ति खोटी नव्हे. पण हळद भोंक आणि नळी यांत भेद करीत नाहीं, आणि बारीक नळ्या तुंबल्या म्हणजे इंजिनाचें डोकें वांकतें. रेडिएटरच्या किंमतीच्या कितीतरी पट खर्च तेथें येतो, आणि कर्जावर घेतलेली गाडी ऐन कापसाच्या हंगामांत उभी राहते. डाक देणाऱ्याकडे जावें, तर भट्टींत सांधलेली ही बारीक जाळी आणि तिला जोडलेली प्लॅस्टिकची टाकी त्याच्या हत्यारांना वश होत नाहीं. सुटा भाग बदलणें हेंच बहुधा शिल्लक राहतें.

यावरचा उपाय साधा आहे. गंजरोधक द्रव्यें मिसळलेला ग्लायकोलचा द्राव आणि क्षार काढलेलें पाणी हीं सम प्रमाणांत घालावीं. द्रवाचा रंग शाबूत असला, तरी त्यांतील रोधक द्रव्यें झिजतात. म्हणून निर्मात्यानें सांगितलेल्या मुदतींत तो बदलावा. वाटेंत हातपंपाचें पाणी घालावेंच लागलें, तर मुक्कामीं पोहोंचतांच तें काढून टाकावें. आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं १०० अंशांहून अधिक तापलेलें असतें, आणि झांकण सैल होतांच त्याची एकदम वाफ होऊन तें हातातोंडावर उसळतें.