हायवेच्या पलीकडचं घर

आमच्या घरखरेदीची कथा मामा-मावशींना फोनवर तुकड्यातुकड्यांत कळली आहे. आज ती सलग सांगतो, कारण तिच्यातला एक तुकडा मी कुणालाच सांगितलेला नाही.

तर झालं असं. न्यू जर्सीतलं एक टाउनहाऊस आम्हाला पसंत पडलं आणि ४,६०,००० डॉलरला सौदा ठरला. २० टक्के, म्हणजे ९२,००० आमचे, बाकीचं कर्ज. मग बँकेने ॲप्रेझर पाठवला. गृहस्थ अर्धा तास घरात फिरले, मोजमापं घेतली, फोटो काढले आणि चार दिवसांनी आकडा आला : ४,२५,०००!

इथे सौद्याची किंमत आणि ॲप्रेझल यांत जी कमी, तिच्यावर बँक कर्ज मोजते. तिचे ८० टक्के ३,४०,०००. म्हणजे आमच्या खिशातून ९२,००० ऐवजी १,२०,००० जायला हवेत. वरचे २८,००० आणायचे कुठून?

बाबांना फोन केला. त्यांचा जन्म सहकारी बँकेच्या कर्जखात्यात गेलेला. ते म्हणाले, "तिकडे रेडी रेकनर नसतो का रे?"

"नसतो बाबा. एक माणूस येतो आणि आपलं मत लिहून देतो."

"मतच ना? मग त्याला हरकत घेता येईल की!"

येते. तिला इथे 'रिकन्सिडरेशन ऑफ व्हॅल्यू' म्हणतात. नुसतं 'किंमत कमी वाटते' म्हणून भागत नाही. अहवालातल्या चुका दाखवायच्या, तुलनेला घेतलेली घरं का चुकली ते सांगायचं, जास्त योग्य विक्र्या सुचवायच्या आणि सगळं बँकेमार्फत पाठवायचं.

अहवालात एक चूक ढळढळीत होती. एक अख्खं बाथरूम मोजायचं राहिलं होतं. तुलनेला तीन घरं होती. त्यातलं एक हायवेच्या पलीकडचं, ३,९५,००० ला विकलेलं. आमची एजंट म्हणाली, "ते काढायला लावा. लिहा, वेगळा मार्केट एरिया आहे." मी तसं लिहिलं. एकच ओळ. पत्र गेलं.

उत्तर यायला दहा दिवस लागले. झोप येत नव्हती, म्हणून ही ॲप्रेझलची भानगड आली कुठून ते वाचत बसलो.

१९३० पूर्वी अमेरिकेत घरकर्ज बहुधा तीन ते पाच वर्षांचं असे आणि तेही साधारण निम्म्या किमतीपुरतं. मंदीत लोकांची घरं जाऊ लागली, तेव्हा १९३३ साली सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. त्याने सुमारे दहा लाख घरांची बुडीत चाललेली कर्जं आपल्याकडे घेऊन १५ वर्षांच्या हप्त्यांवर बांधून दिली. १९३४ ला फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन (एफएचए) आलं. ते ८० टक्क्यांपर्यंतच्या, २० वर्षांच्या कर्जाचा विमा उतरवू लागलं. कर्ज लांबलं, मोठं झालं. आता घर आज कितीला जाईल एवढ्यावर भागेना. वीस वर्षांनी त्याची काय किंमत राहील हेही सांगायला हवं. थोडक्यात, ॲप्रेझरला भविष्य सांगायची वेळ आली.

आणि भविष्य कशावरून सांगायचं? शेजारी कोण राहतात त्यावरून. होमर हॉइट या अर्थतज्ज्ञाने १९३३ साली शिकागोच्या जमिनींच्या किमतींवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. वस्तीचा भाव कुणामुळे चढतो-उतरतो याची दहा पायऱ्यांची यादी त्यात आहे. वर इंग्रज, जर्मन, स्कॉटिश, आयरिश वगैरे. मधे पोलिश, ग्रीक. नवव्या पायरीवर कृष्णवर्णीय, दहाव्यावर मेक्सिकन. आपल्याला ही उतरंड ओळखायला फार वेळ लागत नाही, नाही का?

पुढे १९३५ ते १९४० च्या दरम्यान होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, पिवळा आणि लाल म्हणजे धोका. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सगळ्या लाल. या नकाशांनी नेमकं किती नुकसान केलं यावर इतिहासकारांत वाद आहे, कारण खुद्द या संस्थेने लाल भागातही कर्जं दिली होती. एफएचएच्या नियमांनी जास्त दारं बंद केली. १९३८ ची त्यांची नियमपुस्तिका तर मिश्र वस्ती टाळा, विक्रीच्या करारातच वंशाची अट घाला असं सुचवत होती. न्यायालयांनी अशा अटी अंमलात आणू नयेत हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं १९४८ साली, आणि घरव्यवहारातल्या भेदभावाविरुद्धचा कायदा आला १९६८ साली. तरीही ॲप्रेझरांच्या संस्थांवर सरकारला १९७६ मध्ये खटला भरावा लागला. पुढच्या वर्षी मुख्य संस्थेने तडजोड करून आपल्या पाठ्यपुस्तकांतून वंश आणि किंमत यांची सांगड काढून टाकायचं कबूल केलं.

अहवालाची जी प्रत मला न मागता मिळाली, ती कायद्याने मिळाली. २०१४ पासून बँकेला ती द्यावीच लागते. हरकत कशी घ्यायची याचे सविस्तर नियम २०२४ साली झाले. त्यातलं एफएचएचं पत्रक मात्र २०२५ मध्ये मागेही घेतलं गेलं.

२०२४ चे ते नियम होण्यामागे नेथन कॉनली यांच्यासारख्यांची भांडणं होती. हे बाल्टिमोरमधले कृष्णवर्णीय प्राध्यापक, विषयच वंश आणि घरांचा इतिहास. २०२१ साली त्यांच्या घराचं ॲप्रेझल ४,७२,००० आलं. काही महिन्यांनी त्यांनी घरातले कुटुंबाचे फोटो काढले, दार उघडायला एका गोऱ्या सहकाऱ्याला उभं केलं, आणि नव्या ॲप्रेझरने लिहिलं ७,५०,०००. पहिल्या ॲप्रेझरने भेदभावाचा आरोप नाकारला. कर्ज देणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये तडजोड केली. त्यांची ती वस्ती १९२० च्या दशकात वसली, तेव्हा कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही अशी अट करारातच होती.

हे वाचलं आणि माझी ती एक ओळ आठवली.

वेगळा मार्केट एरिया! गाव तेच, शाळा त्याच, बांधकाम त्याच काळातलं, अंतर मैलभरही नाही. वेगळं काय, तर पलीकडे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबं राहतात. एजंट हे बोलली नाही, मीही लिहिलं नाही. पण दोघांनाही ठाऊक होतं. जुन्या नकाशांत आमचं गाव नाही. पेन्सिल मीच चालवली.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. बाथरूम मोजलं, पलीकडचं घर बदललं, नवी किंमत ४,५२,०००. आता ९२,००० ऐवजी ९८,४०० भरायचे होते. तेवढे जमले. वाढलेल्या २७,००० मधले बाथरूमचे किती आणि हायवेचे किती, हे त्या कागदावर कुठेच नाही.

बाबांना सांगितलं. जरा थांबून म्हणाले, "आम्ही प्लॉट घेतला तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी आडनाव विचारलं होतं. आपलं चाललं. बरोबर आलेल्या आमच्या शिपायाचं नाही चाललं. मी सही करून घरी आलो."

असो. घरात येऊन आता वर्ष होईल. भाजी आणायला हायवेच्या पलीकडे जातो, तिथे मेथी आणि हिरव्या मिरच्या चांगल्या मिळतात. वाटेत ते ३,९५,००० वालं घर लागतं. दारात लहान मुलाची सायकल असते. उद्या ती मंडळी कर्ज काढायला निघतील, ॲप्रेझर येईल आणि तुलनेला जवळची घरं शोधेल. आमचं घर मैलभरही लांब नाही, आणि भाव चांगला आहे. पण ते त्यांच्या कामाचं नाही, असं मीच लिहून देऊन बसलोय.