लीझ माइटनर: उष्णतेचं गणित शिकलेली बाई

मैत्रिणींनो, आज आपण ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात जाऊ. लीझ माइटनरचा जन्म तिथला, १८७८ चा. मुलींची शाळा तेव्हा चौदाव्या वर्षी संपे. विद्यापीठाचं दार मुलींना १८९७ साली उघडलं, पण आत जायला जी परीक्षा हवी तिची तयारी करून घेणाऱ्या सरकारी शाळा मुलांच्या! लीझने आठ वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत केला. १९०१ साली १४ मुली परीक्षेला बसल्या, ४ पास झाल्या. त्यांत ती होती.

विद्यापीठात तिला लुडविग बोल्ट्झमन शिकवायला होते. वस्तू कशी सरकते, फिरते, पडते हे सांगते ती यामिकी. उष्णतेचे नियम सांगते ती उष्मागतिकी. बोल्ट्झमन यांनी दोन्हींची सांगड घातली. पातेल्यातलं पाणी तापतं म्हणजे त्याचे न दिसणारे कण जास्त जोरात धावतात. असे कण असतात हेच तेव्हा काही नामवंत शास्त्रज्ञ मानत नव्हते.

१९०६ साली लीझला डॉक्टरेट मिळाली. विषय होता, एकजिनसी नसलेल्या पदार्थातून उष्णता कशी वाहते. आपल्या चुलीची भिंतच घ्या ना: माती, तूस, मधेच एखादा खडा. धग सगळ्यांतून सारखी जात नाही.

पुढचं सांगताना आम्हाला आजही राग येतो. १९०७ साली ती बर्लिनला गेली. तिथल्या रसायनशास्त्राच्या संस्थेत बायकांना मज्जाव. सुतारकामाच्या जुन्या खोलीत काम करायचं, वरच्या प्रयोगशाळांत पाऊल टाकायचं नाही. बायकांसाठी संडास नव्हता, जवळच्या हॉटेलात जावं लागे. १९०९ साली बंदी उठली, तेव्हा कुठे संस्थेत बायकांचा संडास झाला.